जुन्या गाडीचे पार्ट ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला देताना: खानदेशातल्या नवख्यांसाठी

ब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेनं कण मारून जुना रंग-गंज काढणं, आणि पावडर कोटिंग म्हणजे कोरडी रंगाची पावडर विजेच्या भारानं चिकटवून भट्टीत भाजणं. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करून देणारा शोधायला फार फिरावं लागत नाही. अडचण वेगळीच आहे. त्याचं रोजचं काम कपाटं, रॅक, ग्रिल आणि ॲल्युमिनियम सेक्शनचं. त्याची पावडर, त्याच्या टाक्या, त्याच्या ओव्हनचा टायमर, सगळं पातळ पत्र्याच्या हिशेबानं बसवलेलं असतं. त्या रांगेत पद्मिनीचा विशबोन (चाक धरणारा सस्पेन्शनचा पार्ट) किंवा जीपच्या एक्सलचं हाऊसिंग लटकवलं की तेही कपाटासारखंच भाजलं जातं. घरी आणताना चकचकीत दिसतं आणि एका पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. यात कोटिंगवाल्याचा दोष थोडा, काम नीट न सांगणाऱ्याचा जास्त. म्हणून पुढचं सगळं दोन भागांत समजून घ्या: घरी आपण काय करायचं, आणि दुकानात नेमकं काय लिहून द्यायचं.

काय द्यायचं, काय नाही

जो पार्ट पूर्ण सुटा होतो, ज्यात रबर, प्लॅस्टिक, ग्रीस, लांबी (पुट्टी) काही राहत नाही आणि २०० अंश सेल्सिअसला पाऊण तास राहिला तरी ज्याचं काही बिघडत नाही, तो कोटिंगला चालतो. पद्मिनीचे पुढचे विशबोन, बुश काढलेले ब्रॅकेट, बॅटरी ट्रे, पेडल, सीटच्या फ्रेम, बंपरचे आधार, रिम, ब्रेकच्या बॅकिंग प्लेट. जीप असेल तर एक्सलची रिकामी हाऊसिंग, शॅकल, यू-बोल्टच्या प्लेटा, पुढचा बंपर, हुडाचे पाईप. नवख्यानं सुरुवात याच यादीतून करावी, तीही बॅटरी ट्रेसारख्या स्वस्त पार्टापासून. दुकान कसं काम करतं ते एका ट्रेवर कळतं.

आता न देण्याची यादी. ही जास्त महत्त्वाची आहे.

पेट्रोलची टाकी कधीच ओव्हनमध्ये नाही. कितीही धुतली तरी सांध्यात वाफ अडकलेली राहते, आणि जुन्या टाक्यांचे सांधे ज्या कथील-शिशाच्या झाळणीचे असतात, ती २०० अंशांच्या आधीच वितळायला लागते. रेडिएटरलाही झाळणीचं हेच कारण लागू. इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्स ब्लास्टिंगला पाठवू नका. तेलाच्या वाटांत शिरलेला एकेक कण पुढे बेअरिंग खातो, आणि तो सगळा बाहेर निघाला याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरवर साधी पावडर जळते. तिथं सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग लावतात.

पाट्यांना (लीफ स्प्रिंगांना) पावडर कोटिंग करून उपयोग नाही. पान पानावर घासतं आणि कोटिंग आठवड्यात उडतं. पाटे खोलून साफ करा, पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, बाहेरून काळा रंग मारा. जुन्या अँबेसेडरच्या पुढच्या टॉर्शन बारला तर हातच लावू नये. तो बार आयुष्यभर पिळला जातो आणि त्यावर पडलेला लहानसा ओरखडाही तडा सुरू होण्याची जागा ठरतो. कापडानं पुसा, हातानं रंगवा, बस.

दाराच्या मुठी, नावाची अक्षरं, आरशाची बैठक हे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं. आतल्या सूक्ष्म पोकळ्यांतली हवा भट्टीत फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. हे क्रोमवाल्याकडचं काम.

बॉनेट, छत, दाराची बाहेरची कातडी यांना ब्लास्टिंगपासून लांब ठेवा. पत्रा तापून वाकतो अशी समजूत आहे, पण खरं कारण दुसरं आहे. कणांच्या माऱ्यानं पत्र्याची एक बाजू ठोकल्यासारखी ताणली जाते, दुसरी तशीच राहते, आणि सपाट पत्र्याला लाटा येतात. डेंटरनं त्या काढायच्या म्हटलं तर नवीन पत्रा घेतलेला परवडतो. पॅनेलला केमिकल स्ट्रिपर किंवा ग्राइंडरवरची स्ट्रिपिंग डिस्क वापरा. लांबी भरलेला कोणताही भाग भट्टीत घालू नये. साधी पॉलिस्टर लांबी तिथं फुगते आणि तडकते.

राहिला जीपचा चॅसी. पावडर कोटिंगचा हट्ट अनेकांचा असतो, आमचं मत मात्र विरुद्ध आहे. चॅसीच्या आत, दुहेरी पट्ट्यांच्या फटींत पावडर पोचत नाही. बाहेर जाड, गुळगुळीत थर आणि आत उघडं लोखंड, अशी रचना होते. खडी लागून एक टवका उडाला की पाणी थराखाली सरकतं आणि गंज दिसेपर्यंत वीतभर पसरलेला असतो. चॅसी ब्लास्ट करून त्यावर दोन घटकांचं इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तर टवका उडाला तरी ब्रशनं दुरुस्त होतो. तरीही कोटिंगच करायचं असेल तर कपाटवाल्याचा ओव्हन लांबीला पुरतो का ते आधी मोजा. ॲल्युमिनियम सेक्शन कोट करणाऱ्यांचे ओव्हन लांब असतात, चॅसी बहुतेक तिथंच मावतो.

खोलताना

प्रत्येक पार्टाचा आधी फोटो, मग मोजणी. कागदी चिठ्ठी किंवा मार्करची खूण ब्लास्टिंगमध्ये टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे लहान तुकडे कापून त्यावर पंचनं आकडे मारा आणि तारेनं बांधा. ही तार ओव्हनमधूनही जाऊन परत येते. खूण नसेल तर डावा-उजवा सारखे दिसणारे पार्ट अदलाबदल होतात.

जुने ब्रेक ड्रम उघडताना हवेनं धूळ उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

बुश, बॉल जॉइंट, ग्रीस निपल, बेअरिंगची बाहेरची रेस, ऑइल सील, सगळं काढा. “राहू दे, मास्किंग करू” म्हणून ठेवलेला बॉल जॉइंट भट्टीत ग्रीस ओकतो आणि शेजारच्या पार्टावरही डाग पाडतो.

जीपच्या चॅसीवर नंबर ठोकलेला असतो. त्यावर ब्लास्टिंगचा जोर किंवा पावडरचा जाड थर बसला की आकडे बुजतात आणि आरटीओत पासिंगच्या वेळी पेन्सिलचा छाप उठत नाही. त्या जागेवर आधी रबराची पट्टी आणि वर दोन थर जाड टेप लावा, आणि ब्लास्टिंगवाल्याला तोंडानं नाही, खडूनं गोल करून दाखवा. तो भाग नंतर तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं साफ करून पातळ रंगानं झाका.

धुणं: अर्ध्याहून जास्त बिघाड इथंच होतो

ब्लास्टिंगनं तेल निघतं हा गैरसमज आहे. कणांचा मारा तेलाला लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागात ठोकून बसवतो, आणि तीच ग्रिट (माऱ्याचे कण) पुन्हा वापरली की पुढच्या प्रत्येक पार्टावर तेलाचा थर चढतो. भट्टीत त्या जागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आपल्याकडे डिझेल-रॉकेलनं धुवून काम संपलं असं मानतात. ती फक्त पहिली पायरी. डिझेल स्वतः तेलाचा पातळ थर मागे ठेवतं. क्रम असा ठेवा: जाड ग्रीस लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरडा, डिझेल आणि ब्रश, मग पाण्यात मिसळणारं डिग्रीझर गरम पाण्यात घालून घासणं, मग भरपूर साधं पाणी. शेवटी पार्टावर पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं पसरलं तर स्वच्छ. थेंब थेंब तुटून गोळा झालं तर तिथं अजून तेल आहे, पुन्हा घासा.

खतं वाहिलेल्या जीपबद्दल एक वेगळी सूचना. केळी-कापसाच्या पट्ट्यात अनेक जीपांच्या मागच्या भागात पोटॅशच्या गोण्या वर्षानुवर्षे गेलेल्या असतात. पोटॅश म्हणजे क्लोराइड मीठ. ते गंजाच्या खड्ड्यात खोल बसतं आणि ब्लास्टिंगनंतर लोखंड पांढरं दिसलं तरी तळाशी राहतं. ओळखायची खूण: ब्लास्ट केलेला पार्ट रात्रभर ठेवला की सकाळी ठरावीक ठिपक्यांत गंज परत येतो. असा पार्ट पाण्यानं धुवून, वाळवून, पुन्हा ब्लास्ट करावा लागतो. धुण्याचं शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग ठेवतं. शेवटच्या धुण्याला आरओचा जार आणा, दोन जारात लहान पार्टांचा सगळा लॉट होतो.

ब्लास्टिंग

नदीची वाळू चाळून वापरण्याचा मोह अजूनही दिसतो. ती वापरणाऱ्याकडे पार्ट देऊ नका. वाळू फुटून जी बारीक सिलिका धूळ होते तिनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसाचा असा आजार जो बरा होत नाही. रुमाल बांधून तो टळत नाही. हवा पुरवणारं हेल्मेट लागतं. शिवाय नदीच्या वाळूत माती आणि क्षार असतात, म्हणजे काम करूनही पृष्ठभाग घाणच.

लोखंडी सस्पेन्शन पार्टांना गार्नेट ८० मेश (मेश म्हणजे चाळणीचा आकडा, मोठा आकडा म्हणजे बारीक कण) किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड ६० ते ८० मेश चांगलं. कॉपर स्लॅग स्वस्त आणि जलद, पण खरखरीतपणा जास्त येतो. ते जाड हाऊसिंगसाठी ठेवा. कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन जाड असणार, तर खालच्या पृष्ठभागाचे दाते २५ ते ५० मायक्रॉनच्या आत हवेत. दाते ७५ मायक्रॉनवर गेले की टोकं कोटिंगमधून वर डोकावतात आणि तिथून सुईएवढे गंजाचे ठिपके सुरू होतात. ॲल्युमिनियमच्या पार्टाला लोखंडी ग्रिट लावू नये. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि नंतर गंजतात. त्याला काचेचे मणी किंवा बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड, दाब ४० ते ६० पीएसआय.

जाड लोखंडाला ८० ते १०० पीएसआय चालतं. बॅटरी ट्रेसारख्या पातळ पत्र्याला ४० ते ५०, बारीक ग्रिट, नोझल तिरपं ४५ अंशांत किंवा त्याहून कमी, फूटभरापेक्षा जास्त अंतरावरून आणि एका जागी न थांबता. काळा रंग जाऊन एकसारखा राखाडी-पांढरा, किंचित खरखरीत पृष्ठभाग आला पाहिजे. दुकानात “एसए २.५” (ब्लास्टिंगच्या स्वच्छतेची श्रेणी) म्हणा, चांगल्या ब्लास्टिंगवाल्याला ते कळतं. त्याला कळलं नाही तर तोही एक निकाल समजा.

घरी करू का, असा प्रश्न हमखास येतो. हिशेब हवेचा आहे. ६ मिलिमीटरचं नोझल १०० पीएसआयला मिनिटाला साधारण ८० घनफूट हवा पितं. गॅरेजमधला ३ एचपीचा कंप्रेसर १०-१२ घनफूट देतो. म्हणजे घरच्या कंप्रेसरवर लहान सक्शन कॅबिनेट आणि ३ मिलिमीटरच्या आतलं नोझल, तेही थांबत थांबत. ब्रॅकेट, पेडल, कव्हर एवढं होतं. एक्सल हाऊसिंगला दोन दिवस जातील आणि मोटरही जळेल. कॅबिनेट वापरत असाल तर कंप्रेसरच्या पाईपवर पाणी अडवणारा ट्रॅप लावा आणि टाकीचं पाणी तासातासाला सोडा. ओली हवा आली की ग्रिट गुठळते आणि पार्ट तिथल्या तिथे गंजतो.

पोकळ पार्ट, म्हणजे दोन पत्रे जोडून केलेले विशबोन, हाऊसिंग, पाईप, ब्लास्टिंगनंतर उलटेसुलटे करून रबरी हातोड्यानं ठोका, हवा मारा, पुन्हा ठोका. आत राहिलेली मूठभर ग्रिट भट्टीत पंख्याच्या हवेनं बाहेर येते आणि वितळलेल्या पावडरवर बसते. सगळ्यांच्या पार्टांवर.

ब्लास्टिंग झाल्यावर लगेच

आता लोखंड उघडं आहे आणि घड्याळ सुरू झालं आहे. चार तासांच्या आत कोटिंग व्हावं, पावसाळ्यात तासाभरात. त्यामुळे ब्लास्टिंग धुळ्यात आणि कोटिंग जळगावात असा बेत करू नका. नव्वदेक किलोमीटर उघड्या टेम्पोत पार्ट आले तर वाटेतच पिवळे पडतात. दोन्ही एका आवारात असेल तिथं जा, नाहीतर एका दिवसात दोन्ही होईल अशी वेळ आधी पक्की करा. उघड्या लोखंडाला उघडा हात लावू नये. घामाचा ठसा कोटिंगखाली गंजून हुबेहूब बोटांच्या आकारात वर दिसतो. स्वच्छ सुती किंवा नायट्राइल हातमोजे.

या चार तासांतला अर्धा तास तपासणीला ठेवा, कारण जुन्या गाडीचं खरं रूप याच वेळी दिसतं. रिममध्ये बोल्टच्या भोकांभोवती आणि मधली डिस्क जिथं कड्याला जोडली आहे तिथं बारीक तडे शोधा. शंका असेल तर डाय पेनिट्रंट मारा: लाल रंग, पुसणं, वर पांढरा स्प्रे. तडा असेल तर लाल रेघ उमटते. तडकलेली रिम वेल्डिंग करून कोट करू नका, बदला. विशबोनच्या बुशच्या नळीजवळ, स्प्रिंगच्या बैठकीत आणि एक्सलच्या स्प्रिंग पॅडजवळ पत्रा पातळ झालाय का ते टोच्यानं टोचून पाहा. वेल्डिंग लागलं तर सीओटू वेल्डिंग करा, वरची काचेसारखी खपली आणि शिंतोडे पूर्ण काढा आणि तेवढा भाग पुन्हा ब्लास्ट करा. खपलीवर पावडर धरत नाही. धारदार कडा कानशीनं गोल करून घ्या, कारण वितळलेली पावडर तीक्ष्ण कडेवरून मागे सरकते आणि गंज नेहमी कडेपासूनच सुरू होतो.

कपाटाच्या कामाची सवय असलेले लोक पार्ट सरळ सात टाक्यांच्या रांगेत बुडवायला निघतात. त्यातली गंज काढण्याची टाकी आम्लाची असते. ब्लास्ट केलेल्या पार्टाला तिची गरज नाही, आणि दोन पत्र्यांच्या फटीत आम्ल शिरलं तर ते महिनोन्‌महिने झिरपत राहतं. स्प्रिंग आणि जास्त ताकदीच्या बोल्टांना आम्लातला हायड्रोजन ठिसूळ करतो. सांगायचं असं: आम्लाची टाकी नको, हवं तर फॉस्फेट, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळवणं.

मास्किंग

काही जागा कोटिंगआधी झाकायच्या असतात, साध्या हिशेबानं कारण पटेल. एका बाजूला ८० मायक्रॉन थर म्हणजे भोकाचा व्यास १६० मायक्रॉन, म्हणजे ०.१६ मिलिमीटर कमी. बेअरिंग किंवा बुश काही शतांश मिलिमीटरच्या घट्टपणावर बसतात. कोटिंग झालेल्या भोकात बुश दाबला तर एकतर जात नाही, नाहीतर कोटिंग खरवडून जातो आणि तिथून पुढे सगळं सोलतं.

झाकायच्या जागा: बुश आणि बेअरिंगची भोकं, बॉल जॉइंटचं निमुळतं भोक, ड्रमचा आतला घासणारा पृष्ठभाग, हबला टेकणारी रिमची बाजू, नट बसणारी शंकूच्या आकाराची जागा, अर्थिंगची जागा, सगळे आटे. रिमच्या नटाखाली कोटिंग ठेवलं तर ते दाबाखाली हळूहळू सरकतं, नट ढिला होतो. ही शोभेची बाब नाही, चाक निखळण्याची बाब आहे.

साधी कागदी मास्किंग टेप भट्टीत जळून चिकटून बसते. हिरवी पॉलिस्टर टेप आणि सिलिकॉनचे बूच हवेत. दुकानात ते असतातच असं नाही. मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवून स्वतः घेऊन जा, किंमत फार नाही आणि बूच पुन्हा पुन्हा वापरता येतात. टेप पार्ट कोमट असतानाच काढा. थंड झाल्यावर ओढली तर कोटिंगची कड फाटते. मग ब्लेडनं रेघ मारून सोडवावी लागते.

कोणती पावडर

इथं खानदेशच्या उन्हाचा विचार करावाच लागतो. कपाटाच्या दुकानात डब्यात असते ती बहुधा इपॉक्सी-पॉलिस्टर हायब्रिड, घरातल्या फर्निचरसाठी. उन्हात तिच्यावर खडूसारखी पूड येते आणि चमक जाते. रिम, बंपर, हुडाचे पाईप यांना शुद्ध पॉलिस्टर पावडर सांगा. डब्यावरचं लेबल स्वतः वाचा. खालून झाकलेल्या पार्टांना शक्य असेल तर आधी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर पावडर, ती अर्धवट भाजून वर पॉलिस्टर. प्रायमर पूर्ण भाजला तर वरचा थर नीट जोडत नाही.

काळ्यासाठी आरएएल ९००५ (रंगाचा ठरलेला क्रमांक), पण चकचकीत नको. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या खालच्या भागांना आरशासारखी चमक नसे. सेमी-ग्लॉस, ३० ते ४० टक्के, खरा वाटतो आणि लहान खोडीही लपवतो. ६० मायक्रॉनला १ किलो पावडर कागदावर ११ चौरस मीटर झाकते, दुकानात उडून वाया जाणारी धरली तर ७-८ समजा. एका गाडीच्या सुट्या पार्टांना रिमसकट १ ते २ किलो पुरते. सगळे पार्ट एकाच डब्यातून, एकाच दिवशी करा. पुढच्या डब्यातला काळा किंचित वेगळा निघतो.

आणि डब्याची तारीख पाहा. पावडर ३० अंशांच्या खाली ठेवायची वस्तू आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली महिनाभर राहिलेला डबा हातात घेऊन हलवला तरी आत गुठळ्या जाणवतात. गुठळलेली पावडर चाळून वापरली तर दाणेदार थर बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा हंगाम: हवा कोरडी, लू नाही, पावडर ताजी. मे महिन्यात दुपारच्या वावटळीची धूळ, जुलैत तासात गंज.

फवारणी आणि ओव्हन

ओतीव लोखंडाचे किंवा ओतीव ॲल्युमिनियमचे पार्ट फवारणीआधी रिकामेच भाजून घ्यावे लागतात, २२० अंशांच्या आसपास अर्धा ते एक तास. पोकळ्यांतली हवा आणि जुनं तेल तेव्हाच बाहेर पडतं. दुहेरी पत्र्याच्या विशबोनलाही हे करा. फटीतून तपकिरी तेल ओघळलेलं दिसेल. ते पुसून, पुन्हा हलकं ब्लास्ट करून मगच पावडर. दुकानदार या जास्तीच्या फेरीचे पैसे मागेल, ते द्यावेत.

पार्ट ज्या हुकवर लटकतो तो हुक उघड्या धातूचा असला पाहिजे. पावडर विजेच्या भारानं चिकटते आणि पार्टाला अर्थिंग नसेल तर ती बसत नाही, खाली पडते. जुन्या दुकानांत हुकवर बोटभर जुनं कोटिंग चढलेलं असतं. कानशीनं टोक घासून घ्या. सपाट भागाला ६० ते ८० किलोव्होल्ट ठीक. विशबोनच्या आतल्या कोपऱ्यात मात्र जास्त व्होल्टेजवर पावडर कडांवरच ओढली जाते आणि कोपरा उघडा राहतो. तिथं ३० ते ५० किलोव्होल्टवर आणून, कोपऱ्यांपासून फवारणी सुरू करायची. भट्टीत जाण्याआधी टॉर्चनं कोपरे बघा. या टप्प्याला चूक फुंकरीनं उडवून दुरुस्त होते.

ओव्हनमध्ये पाहायचं ते एकच: तापमान हवेचं नाही, धातूचं. डब्यावर “२०० अंशांना १० मिनिटं” लिहिलेलं असतं ते धातू २०० अंशांवर पोचल्यानंतरचं. कपाटाचा पत्रा पाच-सात मिनिटांत तापतो. जीपच्या हाऊसिंगला तेवढं तापायला अर्धा तास, कधी पाऊण तास लागतो. पत्र्याबरोबर ते बाहेर काढलं तर वरून कोटिंग गुळगुळीत, आतून कच्चं. पातळ आणि जाड पार्ट एकाच फेरीत भाजू नका. एकतर जाड कच्चा राहतो, नाहीतर पातळ पिवळट आणि ठिसूळ होतो. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जा, सर्वांत जाड भागावर नेम धरा, तिथं २०० दिसल्यावर दहा मिनिटं मोजा. मध्येच वीज गेली तर तापमान पुन्हा पूर्ण चढल्यावर वेळ पहिल्यापासून मोजायची.

दुकानात द्यायची चिठ्ठी साधारण अशी:

- पार्ट ... नग, वजन ... किलो, पत्र्याच्या खुणा तशाच ठेवणे
- आम्लाची टाकी नको
- ओतीव आणि दुहेरी पत्र्याचे पार्ट आधी रिकामे भाजणे
- शुद्ध पॉलिस्टर, आरएएल ९००५, सेमी-ग्लॉस
- जाडी ६० ते ८० मायक्रॉन
- जाड पार्टांची वेगळी फेरी, धातूचं तापमान मोजून
- मास्किंग आम्ही केलेलं आहे, भाजण्याआधी काढू नये

दर किलोवर आहे, चौरस फुटावर आहे की नगावर, हेही आधीच ठरवा. हाऊसिंग किलोवर महाग पडतं, पोकळ पाईप चौरस फुटावर.

ताब्यात घेताना

पार्ट थंड झाल्यावर एखाद्या न दिसणाऱ्या जागी कापूस एनसी थिनरमध्ये बुडवून वीसेक वेळा मागे-पुढे घासा. चमक थोडी मंदावली तर चालेल. रंग कापसावर भरभरून आला आणि नखानं ओरखडा पडला तर कोटिंग कच्चं आहे. हे परत भाजून सुधारतं, म्हणून दुकानातच करा. जाडी मोजायचं चुंबकीय गेज बऱ्याच दुकानांत असतं, तीन-चार ठिकाणी लावून घ्या. १२० मायक्रॉनच्या वर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं आणि टवके लवकर उडतात. सुईच्या टोकाएवढी छिद्रं म्हणजे ओल किंवा आतली हवा. गोल खड्डे म्हणजे तेल. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे त्याच शेडमध्ये कोणी मारला तरी असे खड्डे पडतात.

फसलेलं कोटिंग पुन्हा ब्लास्ट करून काढायला फार वेळ जातो, कारण ते लवचीक असतं आणि ग्रिट त्यावरून उसळते. केमिकल स्ट्रिपरनं आधी उकलून मग हलकं ब्लास्टिंग. गॅसच्या ज्योतीनं जाळून काढू नका, रिम तर मुळीच नाही.

बसवताना

कोटिंग पूर्ण थंड होईपर्यंत पार्ट एकमेकांवर रचू नका. आटे साफ करताना टॅप नीट निवडा: जीपला इंची आटे, पद्मिनीला मेट्रिक. जवळपासचा बसेल म्हणून घातलेला टॅप आटाच कापतो. बुश दाबताना प्रेसखाली कापड किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवा. बोल्टांना पावडर कोटिंग करू नका, त्यांना झिंक प्लेटिंग द्या. वॉशर मोठा घ्या, म्हणजे घट्ट करताना कोटिंग पिळून फाटत नाही. अर्थिंगची जागा सँडपेपरनं उघडी करून व्हॅसलीन लावा.

पोकळ पार्टांच्या आत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स फवारा आणि खालची पाणी निघण्याची भोकं मोकळी आहेत ना ते तारेनं पाहा. काळ्या मातीचा चिखल ही भोकं बुजवतो आणि आठवडाभर ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आल्यावर खालून पाणी मारून घ्या. सस्पेन्शनचे आणि चाकांचे सगळे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्यानं पुन्हा ताणा. कोटिंग दबून थोडी ढिलाई येतेच. टवका उडालेला दिसला तर सँडपेपर, दोन घटकांचं इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू रंगाचा ठिपका, त्याच आठवड्यात.